फुटणारा कान व त्यामागील जंतू

पावसाळा सुरू झाला, की खेड्यातील शाळेत मुलांची नाके वाहू लागतात आणि त्यांच्या मागोमाग काहींचे कानही वाहू लागतात. एखादा मुलगा कानात कापसाचा बोळा घालून वर्गात येतो. एखाद्या मुलीच्या कानाच्या पाळीखाली वाळलेल्या पुवाचा ओघळ दिसतो. विचारणा केली असता 'कान फुटला आहे' एवढेच उत्तर मिळते, आणि पालक, शेजारी व पुष्कळदा शिक्षकही त्यावर समाधान मानतात. पडसे जसे येते व जाते, तसाच कानही फुटतो व आपोआप बरा होतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे.

ही समजूत अर्धी खरी आहे. बहुतेक मुलांचा कान थोड्याच दिवसांत बरा होतो, यात शंका नाही. परंतु ज्यांचा होत नाही, त्यांचे ऐकणे हळूहळू मंदावते. आणि ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याला नीट शिकताही येत नाही. अशा मुलावर 'मठ्ठ', 'बेफिकीर', 'लक्ष नसलेला' असे शिक्के बसतात. दोष असतो कानात आणि शिक्षा होते बुद्धीला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालवयातील बहिरेपणापैकी सुमारे ६० टक्के बहिरेपण टाळता येण्याजोग्या कारणांनी येते. कानाचे दुखणे हे त्यांपैकी एक प्रमुख कारण होय. यास्तव हा विकार कशाने होतो, कोणते जंतू त्याला कारणीभूत असतात आणि शाळेच्या चार भिंतींत त्याबाबत काय करता येण्यासारखे आहे, याची माहिती प्रत्येक प्राथमिक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

कानाची रचना

कानाचे तीन भाग मानलेले आहेत: बाह्यकर्ण, मध्यकर्ण व अंतःकर्ण. डोळ्यांना दिसणारी पाळी आणि आत जाणारी नळी मिळून बाह्यकर्ण होतो. या नळीच्या शेवटी सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा, कागदासारखा पातळ पडदा असतो. या पडद्याच्या पलीकडे हाडात असलेली लहानशी पोकळी म्हणजे मध्यकर्ण. त्यात एकमेकींस जोडलेल्या तीन हाडांची साखळी असते. त्यांच्या आकारांवरून त्यांस हातोडी, ऐरण व रिकीब अशी नावे पडली आहेत. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. ध्वनीच्या लहरी पडद्यावर आदळल्या, की पडदा थरथरतो, ही थरथर तीन हाडांच्या द्वारे अंतःकर्णात पोहोचते, आणि तेथून मज्जातंतूंच्या मार्गे मेंदूला ध्वनीचे ज्ञान होते.

पडदा नीट थरथरावयाचा, तर त्याच्या दोन्ही बाजूंस हवेचा दाब सारखा असावा लागतो. ही व्यवस्था मध्यकर्णापासून नाकाच्या मागील भागापर्यंत गेलेल्या एका अरुंद नळीने केलेली आहे. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी याच्या नावावरून तिला युस्ताकी नलिका म्हणतात. कंठकर्णनलिका असेही तिचे नाव आहे. एरवी ती मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते व हवा आत जाते. एसटीची गाडी घाट चढू लागली, की कानात दडे बसतात आणि आवंढा गिळताच ते सुटतात. हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. तो या नलिकेच्याच कार्याचा पुरावा होय.

मोठ्या माणसात ही नलिका सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब असून तिचा उतार चांगला तिरपा असतो. तान्ह्या मुलात तिची लांबी जवळजवळ निम्मी असते आणि ती बहुतांशी आडवी असते. उतार नसलेल्या गटारीत पाणी तुंबावे, त्याप्रमाणे मुलाच्या मध्यकर्णातील स्राव बाहेर पडत नाही. उलट, नाकातील घाण आत शिरण्यास मात्र वाट सोपी होते. मुलांचाच कान वारंवार का फुटतो, या प्रश्नाचे उत्तर या रचनेत आहे. सहा महिने ते दोन वर्षे या वयात हा विकार सर्वांत अधिक आढळतो. वय वाढते तशी नलिका लांबते व तिरपी होते, आणि सात-आठ वर्षांनंतर बहुतेक मुले या दुखण्यातून सुटतात. याचा अर्थ असा, की पहिली-दुसरीच्या वर्गात बसणारी मुले अजून धोक्याच्या हद्दीत असतात, आणि काहींनी तर पूर्वीच्या दुखण्याचा वारसा कानात घेऊनच शाळेत प्रवेश केलेला असतो.

रोगाचा आरंभ

मध्यकर्ण हा मूळचा रोगजंतूंचा मुक्काम नव्हे. जंतूंचे बिऱ्हाड असते नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात. निरोगी मुलांच्या घशातही हे जंतू पुष्कळदा आढळतात आणि काहीही उपद्रव न देता महिनोन्महिने राहतात. बिघाड सुरू होतो तो पडशापासून. पडसे हे बहुधा विषाणूंमुळे होते. विषाणू जंतूंपेक्षाही फार सूक्ष्म असतात. त्यांच्यामुळे नाकातील व नलिकेतील अस्तर सुजते. त्या अस्तरावर केसांसारखे बारीक तंतू असून ते घाण सतत बाहेर लोटीत असतात. त्यांचे कार्य थंडावते. नलिका बंद झाली, की मध्यकर्णातील हवा अस्तरात शोषली जाते, पोकळीत ओढ निर्माण होते, पडदा आत खेचला जातो आणि अस्तरातून पाणी पाझरू लागते. घशातील जंतू या पाण्यात जाऊन पोहोचले, की त्यांची झपाट्याने वाढ होते, पू तयार होतो व पडद्यावर दाब पडतो. हाच तो रात्री मुलाला किंचाळावयास लावणारा ठणका. दाब असह्य झाला, की पडद्याला लहानसे भोक पडते व पू बाहेर येतो. पू येताच ठणका थांबतो, म्हणून घरची माणसे निर्धास्त होतात. परंतु ठणका थांबणे म्हणजे रोग जाणे नव्हे.

सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितलेले असून त्यांत कर्णशूल व कर्णस्राव यांचा स्वतंत्र निर्देश आहे. यावरून या दुखण्याची ओळख आपल्या देशात किती जुनी आहे, हे दिसून येते. मात्र त्यामागील सजीव कारण दिसावयास सूक्ष्मदर्शक यंत्राचीच वाट पाहावी लागली.

तीन प्रमुख जंतू

मुलांच्या मध्यकर्णाच्या तीव्र दाहास प्रामुख्याने तीन जंतू कारण होतात. तिघेही एका मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढे लहान आहेत. परंतु तिघांचे स्वभाव वेगवेगळे आहेत.

पहिला जंतू न्यूमोकॉकस. शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तो शोधून काढला. दोघांनीही मनुष्याची लाळ सशांना टोचून पाहिली होती. पैकी स्टर्नबर्ग यांनी वापरलेली लाळ स्वतःचीच होती. हे जंतू जोडीजोडीने राहतात आणि प्रत्येकाभोवती साखरेसारख्या पदार्थाचे बुळबुळीत कवच असते. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून नष्ट करीत असतात. परंतु तेल लावलेला मल्ल जसा पकडीतून निसटतो, तसा हा जंतू कवचामुळे त्यांच्या हाती लागत नाही. या कवचाचे सुमारे शंभर प्रकार आजवर ओळखले गेले आहेत. एका प्रकाराविरुद्ध शरीराने शक्ती मिळविली, तरी ती दुसऱ्या प्रकारास पुरी पडत नाही. एकाच मुलाचा कान पुनःपुन्हा फुटण्याचे हे एक कारण होय. तीव्र ताप व जबर ठणका ही या जंतूची खूण. तिघांमध्ये हाच सर्वांत उग्र आहे, आणि औषधावाचून आपोआप मागे हटण्याची शक्यता याच्या बाबतीत सर्वांत कमी असते. फुप्फुसाचा दाह व मेंदूच्या आवरणाचा दाह हे गंभीर रोगही त्याच्यापासून होतात.

याच जंतूने विज्ञानाची मोठी सेवाही केली आहे. १९२८ मध्ये इंग्लंडमधील फ्रेडरिक ग्रिफिथ यांना असे आढळले, की कवचधारी मृत जंतू आणि कवचहीन जिवंत जंतू एकत्र केले असता कवचहीन जंतू कवचधारी बनतात. हा गुण एकाकडून दुसऱ्याकडे नेणारा पदार्थ कोणता, याचा शोध न्यूयॉर्क येथे एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी लावला आणि तो पदार्थ डीएनए होय, असे १९४४ मध्ये दाखवून दिले. आनुवंशिकतेचे रहस्य उलगडण्यास अशा रीतीने याच जंतूच्या अभ्यासाने आरंभ झाला.

दुसरा जंतू हिमोफिलस इन्फ्लुएंझी. त्याच्या नावातच एक जुनी चूक दडलेली आहे. इन्फ्लुएंझाच्या साथीत जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांस हा जंतू रोग्यांच्या घशात आढळला, आणि तोच साथीचे कारण आहे, असे त्यांनी १८९२ मध्ये जाहीर केले. पुढे १९३३ मध्ये मनुष्याच्या इन्फ्लुएंझाचा खरा कारक विषाणू असल्याचे सिद्ध झाले. परंतु जंतूचे नाव मात्र तसेच राहिले. एखाद्यावर एकदा आळ आला, की नाव कायमचे चिकटते, याचे हे जंतुशास्त्रातील उदाहरण म्हणावयास हरकत नाही. १९९५ मध्ये ज्याची संपूर्ण जनुकीय रचना प्रथम वाचली गेली, तो स्वतंत्रपणे जगणारा सजीवही हाच.

या जंतूच्या काही जातींभोवती कवच असते. बालकांच्या पंचगुणी लसीतील एक भाग त्यांपैकी 'ब' प्रकाराविरुद्ध आहे. कानात मात्र बहुधा कवच नसलेल्या जाती सापडतात व त्यांच्यावर ती लस चालत नाही. कान दुखत असतानाच मुलाचे डोळे लाल होऊन चिकटत असतील, तर पुष्कळदा हाच जंतू कारण असतो.

तिसरा जंतू मोराक्सेला कॅटरॅलिस. तो केवळ घशातील निरुपद्रवी रहिवासी आहे, असे पुष्कळ वर्षे मानले जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची रोगकारक म्हणून ओळख पटली. त्याच्यामुळे होणारे दुखणे बहुधा सौम्य असते व कित्येकदा आपोआप बरे होते. परंतु त्याच्याजवळ एक वेगळे शस्त्र आहे. त्याच्या जवळजवळ सर्व जाती पेनिसिलिनचा नाश करणारा एक द्रव तयार करतात. तो स्वतःचे रक्षण तर करतोच, शिवाय शेजारी असलेल्या अन्य जंतूंनाही औषधाच्या माऱ्यातून वाचवितो.

या तिघांखेरीज स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस हा घसा बसविणारा जंतूही क्वचित कानात शिरतो. तो थोड्या मोठ्या मुलांत अधिक आढळतो आणि पडदा लवकर फाडतो.

वाहता कान

पडद्याचे भोक बुजले नाही आणि कान दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहत राहिला, तर तो जुनाट विकार समजावा. येथे जंतूंची मंडळीही बदलते. स्यूडोमोनास व स्टॅफिलोकॉकस हे जंतू आता पुढे येतात. ते घशातून येत नाहीत; ओढ्याचे वा विहिरीचे पाणी, कान कोरण्याच्या काड्या, मळके बोळे यांच्या द्वारे ते बाहेरून फाटक्या पडद्यातून आत शिरतात. म्हणजे घरात केलेले उपचारच पुष्कळदा त्यांना वाट करून देतात.

जुनाट दुखणे औषधाला सहजी दाद का देत नाही, याचाही उलगडा झाला आहे. विहिरीच्या पायऱ्यांवर जसे शेवाळ धरते, तसा जंतूंचा एक चिकट थर कानातील अस्तरावर बसतो. त्या थराच्या आत जंतू सुरक्षित राहतात. वरून औषध गेले, तरी ते पुरते आत झिरपत नाही. वारंवार कान बिघडणाऱ्या मुलांच्या मध्यकर्णात असा थर प्रत्यक्ष असतो, हे अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले गेले.

पुवाला दुर्गंधी येत असेल, तर अधिकच सावध व्हावयास हवे. काही मुलांत पडद्याची कातडी आत वाढत जाऊन जवळचे हाड पोखरते. अशा कानावर शस्त्रक्रिया हाच उपाय असतो. कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली जाणे, तापाबरोबर वांत्या व तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, चक्कर येणे अथवा चेहरा एका बाजूस वाकडा होणे ही लक्षणे दिसली, तर रोग हाडात किंवा मेंदूकडे पसरत आहे, असे समजावे. अशा मुलास त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचविले पाहिजे. तेथे एका दिवसाचाही विलंब जिवावर बेतू शकतो.

न दुखणारे बहिरेपण

दुखणारा कान लक्ष वेधून घेतो. खरा धोका न दुखणाऱ्या कानात असतो. तीव्र दाह शमल्यावरही मध्यकर्णातील पाणी लगेच आटत नाही. सुमारे शंभरांपैकी चाळीस मुलांत ते एक महिना, वीस मुलांत दोन महिने आणि दहा मुलांत तीन महिने वा अधिक काळ टिकते, असे निरीक्षण आहे. ताप नाही, ठणका नाही, पू नाही. केवळ पडद्यामागे चिकट पाणी साठलेले असते. कानात बोटे घालून बोलणे ऐकावे, तसे त्या मुलाला ऐकू येते. आवाज येतो, पण शब्द स्पष्ट होत नाही.

मराठी बोलण्यात स्वर ठळक ऐकू येतात. क, ख, त, थ, प, फ, स, श यांसारखी व्यंजने मात्र क्षीण असतात. पाणी साठलेल्या कानात हीच आधी हरवतात. शिक्षक 'पाठ' सांगतात, मुलगा 'पाट' लिहितो. 'शाल' सांगितले तर 'साल' होते. 'खात' व 'कात' यांत त्याला फरकच कळत नाही. शुद्धलेखनाच्या वहीत लाल रेघा वाढत जातात. आणखी एक अडचण अशी, की हे बहिरेपण स्थिर नसते. पडसे असेल तेव्हा ते वाढते, पडसे गेले की कमी होते. म्हणून आज नीट उत्तर देणारा मुलगा उद्या हाकेलाही ओ देत नाही. 'काल ऐकू येत होते, आज येत नाही, म्हणजे हे ढोंग आहे' असा निष्कर्ष काढण्याचा मोह शिक्षकास होणे स्वाभाविक आहे. परंतु हा निष्कर्ष चुकीचा असतो, आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. भाषा, उच्चार व वाचन यांचा पाया ज्या वर्षांत घातला जातो, त्याच वर्षांत ऐकणे अधू राहिले, तर मूल वर्गाबरोबर चालण्याची उमेद हळूहळू सोडून देते.

शिक्षकाने ओळखावयाच्या खुणा

कानाची तपासणी हे वैद्याचे काम आहे. परंतु संशय घेणे हे शिक्षकाचे. मुलाला दिवसाचे पाच-सहा तास शिक्षकाइतके लक्षपूर्वक पाहणारी दुसरी व्यक्ती बहुधा नसते. पुढील खुणांकडे लक्ष द्यावे:

१. मागून हाक मारल्यास मुलगा वळत नाही, समोरून मारल्यास ओ देतो.
२. बोलणाऱ्याच्या ओठांकडे तो टक लावून पाहतो किंवा एक कान पुढे करतो.
३. वारंवार 'काय?' म्हणून विचारतो किंवा शेजाऱ्याच्या पाटीत पाहून लिहितो.
४. सारखे उच्चार असलेल्या अक्षरांत त्याची नेहमी गल्लत होते. पाहून लिहिताना मात्र चुका कमी होतात.
५. फार मोठ्याने बोलतो, किंवा उलट मुळीच बोलत नाही.
६. तोंडाने श्वास घेतो, सतत नाक वाहते, कान ओढतो वा चोळतो.

यांपैकी चौथी खूण शिक्षकाखेरीज अन्य कोणाच्याही ध्यानात येणार नाही. ऐकून लिहिलेले व पाहून लिहिलेले, अशा दोन वह्या शेजारी ठेवल्या, की पुष्कळदा उलगडा होतो.

संशय आल्यास एक सोपी चाचणी करून पाहावी. शांत खोलीत मुलाला बसवून शिक्षकाने त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे. मुलाला एका कानावर बोट दाबून धरावयास सांगावे व दुसऱ्या कानाच्या बाजूने हलक्या कुजबुजीत तीन ओळखीचे शब्द किंवा आकडे सांगून ते म्हणावयास लावावे. मग दुसरा कान तसाच तपासावा. मुलाला ओठ दिसता कामा नयेत. एका बाजूस पुनःपुन्हा चुका होत असतील, तर वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे, असे समजावे. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. ते केवळ पुढील तपासणीचे निमित्त आहे. ती परीक्षेसारखी चारचौघांत न करता एकांतात व खेळीमेळीने करावी.

घातक समजुती

कान दुखला, की कोमट तेल, लसणीचे तेल, पाल्याचा रस किंवा दूध कानात घालण्याची चाल अनेक घरांत आहे. त्यामागे माया असते, हे खरे; परंतु पडद्याला भोक असेल, तर हे पदार्थ सरळ मध्यकर्णात जातात व जंतूंना खाद्य मिळते. वैद्याने दिलेल्या औषधाखेरीज कानात काहीही घालू नये. काडी, आकडा, पेन्सिल यांनी कान कोरू नये. मळ हा शत्रू नव्हे. तो कानाच्या नळीचे रक्षणच करतो.

कान वाहत असेल, तर स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात करून ती हळूच कानात धरावी, ओली झाली की काढून टाकावी आणि वात कोरडी निघेपर्यंत नवी वात घ्यावी. असे दिवसातून तीनदा करावे व कान कोरडा ठेवावा. वात आत ठेवून देऊ नये. अशा मुलाने विहिरीत वा तलावात पोहू नये आणि आंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नये.

कान वाहणे दैवाचे किंवा दृष्टीचे फळ आहे, असे मानून गंडेदोरे बांधले जातात. ज्या रोगाचे जंतू काचेखाली दाखविता येतात, त्याबाबत शिक्षकाने शांतपणे व पालकांचा अवमान न करता खरे कारण समजावून द्यावे.

याच संदर्भात एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. कान पिळणे व कानशिलात मारणे हे आपल्याकडे शिस्तीचे जुने साधन समजले जाई. कानावर उघड्या हाताने बसलेल्या चपराकीने नळीतील हवा एकदम दाबली जाऊन निरोगी पडदाही फाटू शकतो. मग दाहाने दुबळा झालेला पडदा किती टिकणार? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेस मनाई केलेली आहेच. परंतु कायदा नसता, तरीही ज्या कानाने मूल विद्या ग्रहण करते, त्या कानावर शिक्षकाचा हात पडू नये, हे सांगावयास नको.

औषध व लस

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावल्यानंतर पुढील दोन दशकांत या विकाराचे स्वरूप पालटले. ज्या मुलांच्या कानामागील हाड पूर्वी सडत असे, ती आता गोळ्यांनी बरी होऊ लागली. आज त्याच कुळातील अमॉक्सिसिलिन हे बहुधा पहिले औषध म्हणून दिले जाते. थोड्या मोठ्या मुलात दुखणे सौम्य असेल, तर डॉक्टर दोन-तीन दिवस केवळ वेदनाशामक देऊन वाट पाहतात. ही हयगय नव्हे. अनेक मुले तेवढ्यात बरी होतात आणि अनावश्यक औषध टळते.

औषध सुरू केले, तर मात्र सांगितलेले सर्व दिवस ते दिलेच पाहिजे. ठणका थांबताच गोळ्या बंद करणे, उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेस किंवा धाकट्या भावंडास देणे, साध्या पडशावर दुकानातून औषध आणणे, या सवयींमुळे दुबळे जंतू मरतात व चिवट जंतू उरतात. अनेक औषधांना दाद न देणारे न्यूमोकॉकस १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आढळले, आणि तेव्हापासून अशा जंतूंची चिंता जगभर वाढली आहे.

न्यूमोकॉकसविरुद्धची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर समाविष्ट झाली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली, जंतूच्या दहा प्रकारांविरुद्धची लस डिसेंबर २०२० मध्ये देशात उपलब्ध झाली. बालकाच्या सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात ही लस विनामूल्य टोचली जाते. तिचा मुख्य हेतू फुप्फुसदाहापासून रक्षण हा असला, तरी कानाच्या दुखण्यासही तिने काही प्रमाणात आळा बसतो. लसीत नसलेले प्रकार व अन्य जंतू उरतातच. म्हणून लस घेतली, तरी स्वच्छता सुटता कामा नये.

शाळेत करावयाच्या गोष्टी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याखाली वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत व शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात, आणि कानाचे विकार हे त्यांच्या यादीत आहेत. पथकाकडे वेळ थोडा व मुले पुष्कळ असतात. शिक्षकाने संशयित मुलांची नावे, कान किती दिवस वाहत आहे, कोणत्या बाजूने कमी ऐकू येते, अशा नोंदींसह आधीच तयार ठेवली, तर ती मुले गर्दीत निसटणार नाहीत. पथक येण्यास अवकाश असेल, तर पालकांस प्राथमिक आरोग्य केंद्रात जावयास सांगावे व ते गेले की नाही, याची आठवड्याने चौकशी करावी.

वर्गात कमी ऐकू येणाऱ्या मुलास पुढे, आणि त्याचा चांगला कान शिक्षकाकडे येईल अशा रीतीने बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मुलांकडे वळून, सावकाश व स्वच्छ उच्चारात बोलावे. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने नव्हेत. म्हणून ओरडण्यापेक्षा जवळ जाणे अधिक उपयोगी. सांगितलेला महत्त्वाचा शब्द फळ्यावरही लिहावा. या गोष्टींना खर्च नाही, आणि त्यांचा लाभ साऱ्या वर्गास होतो.

आरोग्याच्या तासाला नाक शिंकरण्याची रीत शिकवावी. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरल्यास घाण नलिकेतून कानाकडे लोटली जाते. एका वेळी एकच नाकपुडी मोकळी ठेवून हळू शिंकरावे. हात धुण्याची सवय, खोकताना तोंडावर रुमाल धरणे व दुसऱ्याचा मळका रुमाल न वापरणे यांनी जंतूंचा प्रवास खुंटतो. पालकसभेत मातांना सांगण्याजोग्या गोष्टी तीन आहेत: बाळाला अंगावरचे दूध पाजावे, कारण त्यामुळे या विकारापासून संरक्षण मिळते, आडवे निजवून बाटलीने दूध पाजू नये, आणि चुलीचा व विडीचा धूर बाळापासून दूर ठेवावा. दरवर्षी ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो. त्या दिवशी फळ्यावर कानाची आकृती काढून एक पाठ घेतला, तर मुलांमार्फत ही माहिती घरोघर पोहोचेल.

न्यूमोकॉकसचे कवच फोडणे किंवा कानातील चिकट थर विरघळविणे हे शिक्षकाचे काम नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत, औषधे आहेत, लस आहे. परंतु या सर्वांपर्यंत मूल पोहोचावयाचे, तर ते मठ्ठ नसून त्याला ऐकू येत नाही, हे प्रथम कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते. शुद्धलेखनाच्या वहीतील चुकांवर लाल रेघ ओढण्यापूर्वी क्षणभर थांबून त्या चुकांची जात पाहणारा शिक्षक, हीच त्या मुलाच्या उपचाराची पहिली पायरी होय.